माय झोपेल असं छप्पर

मार्च सरत आला की लातूरच्या रस्त्यांवर गाद्या दिसायला लागतात. ऑटोच्या टपावर दोरीनं आवळलेल्या, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या गाद्या. सोबत बादली, कूलर, पुस्तकांनी फुगलेल्या पिशव्या. काही पोरं परीक्षा देऊन गावाकडे निघालेली असतात, काही क्लास लावायला नव्यानं आलेली असतात आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकाच जातीची झोपमोड असते. चौकाचौकांत गुणवंतांचे फोटो लागतात. खाली उभे राहिलेले आईबाप मान वर करून ते फोटो निरखतात. ही पोरं खरंच ह्याच क्लासची का? मग त्या पलीकडच्या फलकावर हाच चेहरा कसा? डोळे बारीक झालेले असतात. यंदा माझ्या मुलीच्या क्लासची चौकशी करायला नांदेडहून मी आले, त्या गर्दीत उभी राहिले, तेव्हा माझेही डोळे बारीक झाले असणार. हा संशय आमच्या घरातच आहे. निदान माझ्या मायकडून तरी मला तो आला आहे.

ह्या गाद्या बघितल्या की मला ही मुलगी पोटात होती तो उन्हाळा आठवतो. प्लायवूडच्या भुशाचा किंचित जळका वास, अंगणात तापलेले पत्रे, ओसरीवर ओणवी होऊन पाठांतर करणारी भाडेकरू पोरं, आणि त्या सगळ्याकडे तोंडाला पदर लावून बघत उभी असलेली माय.

माय म्हणजे माझी आई. भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होते. लातूर शहरातल्या आमच्या घराला, वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, बांधलेल्या स्लॅबच्या घराला, तेव्हा दारावर केसाएवढी चीर पडली, एवढंच. पण मायची धाकटी बहीण खाली दक्षिणेकडच्या खेड्यात दिली होती. तिचं माळवदाचं घर होतं. दगडमातीच्या भिंती इतक्या रुंद की खिडकीच्या कोनाड्यात आम्ही पोरं पाय पसरून बसायचो. वर लाकडं, त्यावर मातीचा थर, आणि दरवर्षी पावसाच्या आधी त्यावर आणखी माती. भर उन्हाळ्यात आत रांजणासारखा गारवा. ‘घर असावं तर मावशीसारखं,’ असं माय नेहमी म्हणायची. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाट व्हायची होती, तेव्हा ते घर मावशीच्या अंगावर आलं. माय तिकडे जाऊन आली ती आमच्या घरात शिरलीच नाही. अंगणात बसली. हात मातीनं भरलेले, नखांत माती. आप्पांनी पाणी दिलं, तर हात न धुता ती वर आभाळाकडे बघत राहिली. जणू तेही खाली येईल की काय, असं तिला वाटत असावं.

तेव्हा सगळीच गल्ली बाहेर झोपायची. आज पुन्हा येणार म्हणे, विहिरीचं पाणी गढूळ झालंय म्हणे, कुत्री रडून राहिलीत म्हणे, अशा बातम्या दिवसभर फिरायच्या. मग थंडी पडली आणि एकेक घर गुपचूप आत गेलं. माय गेली नाही. आप्पांनी तिच्यासाठी अंगणात पत्र्याचं शेड घातलं आणि स्वतःची खाटही तिथंच टाकली. दिवसा ती घरात वावरायची, स्वयंपाक करायची, पाहुण्यांचं करायची. पण निजायचं म्हटलं की शेड. पुढे लातूरला क्लासेसचं पेव फुटलं, गल्लीत मजल्यावर मजले चढले, आणि आमच्या रिकाम्या खोल्यांत पोरं राहायला आली. माय त्यांना एकच गोष्ट सांगायची. “दाराला आतून कडी घालू नका रे लेकरांनो.” त्यावरून एका पोराच्या आईला वाटलं, ह्या बाईचा चोरीचा इरादा दिसतो. तिनं दुसऱ्याच आठवड्यात पोराची गादी उचलली. माय तिला अडवायला गेली नाही. गेटापाशी उभी राहून एवढंच विचारलं, “नव्या जागेला मजले किती हायत?”

लग्न होऊन मी नांदेडला आले. सासर स्लॅबचंच, पुढे मोकळं अंगण, गोदावरी फार लांब नाही. माय सकाळच्या एसटीनं यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. आल्या आल्या बोलता बोलता भिंतीवर बोटाचं पेर वाजवून बघायची. बसायची ती दाराजवळच्या खुर्चीत. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांना हे कधी पटलं नाही.

“रातभर ऱ्हायला आमच्या घरात काय काटे हायत का?” त्या मला विचारायच्या.

“आत्याबाई, भूकंपापासून तिचं तसं झालंय.”

“नांदेडात कुठं घरं पडली होती? काहीतरी दुसरंच आसंल.”

त्यांच्या संशयाचा मला राग यायचा आणि हळूहळू तोच संशय माझ्यातही उतरायचा. पहिल्या खेपेला माझं मूल पोटातच गेलं. माय बातमी कळताच आली. दिवसभर माझे तळपाय चोळत बसली, आपल्या हातानं पेज पाजली. उन्हं कलली तशी तिची नजर छतावर फिरायला लागली. पंख्याच्या दांडीवर, कोपऱ्यातल्या ओलीवर. शेवटी पदर सावरत ती उठली. “येते बाई.” मी भिंतीकडे तोंड केलं. रस्त्यावर गेटाची कडी वाजली आणि माझ्या मनात आलं, ही भीती खरी आहे, की तिला माझ्याजवळ राहायचंच नाही? असं काही एकदा मनात आलं की ते निघत नाही. ओल्या भिंतीसारखं ते पसरत जातं.

त्यानंतर काही वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. आनंदापेक्षा धास्तीच जास्त. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळंतपण इथंच, माझ्या डोळ्यांसमोर. मी लातूरला फोन केला. माय रडली. आप्पा एवढंच म्हणाले, “बरं. बघू.”

ह्या ‘बघू’चा अर्थ मला लागला नाही. नंतर एक दिवस नवरा ऑफिसातून घरी आला आणि चपला काढता काढता म्हणाला, “तुझे वडील आज नांदेडात होते.”

“आप्पा? आणि घरी नाही आले?”

“जुन्या मोंढ्याकडे दिसले. त्या जाळी कापायच्या दुकानात.”

ते दुकान अन्वरभाईंचं. त्यांच्याकडे तेव्हा लातुरातही नसलेलं एक मोठं मशीन होतं. कंप्युटरमध्ये नक्षी घातली की खालच्या प्लायवूडवर फिरतं पातं चालायचं आणि देव्हाऱ्याची जाळी, दुकानाची अक्षरं, दिवाणखान्याची नक्षी बरोबर कापून निघायची. तिथं आप्पांचं काय काम? सुतारकामाचे मास्तर म्हणून ते आयटीआयतून निवृत्त झालेले, हातातली करवत त्यांना पुरत होती. आणि लेक त्याच गावात असताना तिच्या दारावरून परत जायचं? नवरा दुसऱ्या दिवशी मुद्दाम अन्वरभाईंकडे गेला. ते काय म्हणाले हे त्यानं मला फार उशिरा सांगितलं.

“मालूम न्हाई, साहेब. मास्तरांनी नकाशा आणला, मी कापून दिलं. दोन बाजू सेम टू सेम, मोठ्या, पुढून गोल आन् मागं उतरत्या. मीबी इचारलं, मास्तर, मय्यत न्यायची गाडी बनवून राहिलात का? नुसते हसले.”

डॉक्टरीणबाईंनी एकदा जाऊन यायला परवानगी दिली तेव्हा मी लातूरला गेले. गल्लीत शिरतानाच संशयाचा वास आला. समोरच्या काकूंनी मला कोपऱ्यावर गाठलं. “तुझे वडील काय करून राहिलेत, कुणाला काही सांगंनात. टपरी टाकणार का क्लाससमोर? आमच्या मेसवर गदा आणू नका म्हणावं.” किराणावाल्याचं मत होतं, चाकावरची खोली करून मास्तर पोरांना भाड्यानं देणार, म्हणजे घरपट्टीच नको. अंगणात आले तर ट्रॉली बनवणाऱ्याकडून आणलेला लोखंडी सांगाडा, त्याला दोन चाकं, आणि भिंतीला टेकवलेले प्लायवूडचे तुकडे. प्रत्येकाच्या कडेला खाचा, खाचांत बसणारे दात, कोपऱ्यात पेन्सिलचे आकडे. कापलेल्या कडा तपकिरी, थोड्या करपलेल्या. दोन मोठ्या बाजू पाण्याच्या थेंबासारख्या. पुढे फुगीर, मागे निमुळत्या.

“आप्पा, हे काय?”

“गाडी हाय. मागं जोडायची. आत झोपायची जागा.”

“कुणाच्या?”

ते काथ्याच्या ब्रशानं भुसा झटकत राहिले. “आधी बनू तं दे.”

मला वाटलं, झालं. निवृत्त माणसं कधीकधी घर सोडून फिरायला निघतात म्हणतात, तसंच काहीतरी यांच्या मनात आहे. इतकी वर्षं पत्र्याखाली काढून कंटाळले असतील. मायला एकटीला टाकून हे जाणार. मायलाही तसंच वाटत असावं. ती त्या तुकड्यांच्या अंगाला अंग न लावता, लांबून वळसा घालून न्हाणीकडे जायची.

जेवताना तिनं मला हळूच विचारलं, “तुला काही बोललेत का गं?”

“नाही.”

“कंप्युटरच्या क्लासला जाऊन राहिले होते. एवढाल्या पोरांत बसून. ह्या वयात.” मग जरा थांबून, “कुणी बाई शिकवत होती म्हणं तिथं.”

मला हसू आलं. एका घरात तीन माणसं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या पाठीकडे बघतोय.

दुपारी आप्पांनी छपराचा भाग जुळवून ठेवला होता. आत आडव्या पातळ फासळ्या, वरून वाकणारं प्लायवूड, उलट्या होडीसारखं. त्यांनी मला हाक मारली, मायला मारली. मग काही न सांगता अंगणात पाठीवर आडवे झाले आणि ओसरीवरच्या भाडेकरूंना म्हणाले, “उचला रे ते. ठेवा माझ्या अंगावर.”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. माय किंचाळली, “आवो, याड लागलं का तुमाला?”

“ठेवा म्हणतो ना.”

पोरांनी भीतभीत ते छप्पर त्यांच्यावर ठेवलं. त्याखाली आप्पा दिसेनासे झाले. मग ते वर उचललं गेलं, बाजूला झालं आणि आप्पा कपड्यांवरचा भुसा झटकत उठून बसले. श्वासही लागला नव्हता.

“हे जरी पडलं,” ते मायकडे बघत म्हणाले, “तरी एवढंच पडतंय. दगड न्हाई, माती न्हाई. दोन्हीकडून दारं हायत, आतून ढकललं की उघडतात. लेकीचं बाळंतपण हाय. तिच्या अंगणात उभी करू. तुझं तू झोप.”

ओसरीवरचं पाठांतरसुद्धा थांबलं. मला कळेना कुणाकडे बघावं. इतक्या दिवसांत त्यांनी हे तोंडातून काढलं नव्हतं, कारण माय नाही म्हणाली तर मला खोटी आशा लागेल, हे त्यांना ठाऊक होतं.

माय बराच वेळ त्या फासळ्यांकडे बघत होती. जवळ गेली. पेर वाजवून बघितलं. आवाज पोकळ आला, डब्यासारखा. “पेटारा हाय हा,” ती म्हणाली. “जित्या माणसाला पेटाऱ्यात घालता का?”

“बरं,” आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. ते सामान आवरायला वळले, आणि मागून मायचा आवाज आला.

“थांबा. माझ्या अंगावर ठेवा.”

“माय, नको,” मी म्हणाले.

“तू गप. ह्यांचा काय भरवसा, पुरुष हायत, जोर लावला आसंल. माझ्या अंगावर ठेवा.”

ती अंगणातल्या मातीत आडवी झाली. लुगडं पायाशी नीट केलं, डोळे घट्ट मिटले. आप्पांनी आणि पोरांनी छप्पर अलगद खाली केलं. मायचा चेहरा झाकला गेला. बाहेर फक्त तिची पावलं, टाचांना भेगा पडलेली, बोटं आखडून घेतलेली. काहीच हललं नाही. मला खालून तिचा श्वास ऐकू येत होता, मोठा, तुटक. आत ती मावशीबरोबर होती, हे मला माहीत होतं. आप्पा पुढे वाकले. तेवढ्यात दोन्ही कडांखालून दहा बोटं बाहेर आली. छप्पर डगमगलं, एका बाजूनं उठलं, आणि मायनं ते स्वतःच्या हातांनी बाजूला लोटलं.

ती उठून बसली. केसांत भुसा, गालांवर ओघळ. कुणी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “वरून पाणी गळंल बघा ह्यातून.”

आप्पा इतके मोठ्यानं हसले की समोरच्या काकू गच्चीवर आल्या.

पुढच्या गोष्टी मी फोनवर ऐकल्या. माय रोज एक शंका काढायची आणि आप्पा रोज ती मिटवायचे. वारं आलं तर उलटेल का, साप शिरेल का, मुंग्या लागतील का, प्लायवूडला वाळवी लागते म्हणतात. तिनं छपरावर बादलीनं पाणी ओतून घेतलं, आत स्वतः बसून. मे महिन्यात, शहरातल्या भिंतींवर निकालाचे नवे फोटो चढत असताना, आप्पांच्या मित्राच्या जीपमागे ती गाडी जोडून दोघं नांदेडला निघाली. माय जीपमध्ये पुढं न बसता मागं बसली, मागच्या काचेतून त्या गाडीवर नजर ठेवून.

वाटेतल्या लोहा गावाच्या अलीकडे पोलिसानं हात केला. हा प्रसंग आप्पा अजूनही रंगवून सांगतात. शिपाई गाडीभोवती दोनदा फिरला. असलं काही त्यानं आधी बघितलं नव्हतं.

“काय हाय आत? दारू?”

“न्हाई साहेब, झोपायची गाडी हाय.”

“झोपायची? घरं काय कमी पडली का?” त्यानं दार उघडून काठीनं गादी उचलून बघितली. फळी ठोकली. “खाली पोकळी दिसतीय. काढा हे.”

आप्पा कागद दाखवत होते, समजावत होते. तेवढ्यात माय जीपमधून उतरली. आजवर तिनं त्या वस्तूला पेटारा सोडून दुसरा शब्द वापरला नव्हता. ती शिपायाच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभी राहिली.

“काठी काढा साहेब. घर हाय माझं.”

शिपायानं तिच्याकडे बघितलं, मग आप्पांकडे. काठी काढली.

आत्याबाईंना मात्र ते घर रुचलं नाही. आमच्या अंगणात, तुळशीच्या बाजूला ती गाडी उभी राहिली तेव्हा त्या दोन दिवस मायशी धड बोलल्या नाहीत. लोक काय म्हणतील, विहिणीला उघड्यावर ठेवलं. त्या पडद्याआडून बघत राहायच्या, माय आत नक्की काय करते. माय काय करणार? गादीवर मांडी घालून मेथी निवडायची, बाळाच्या दुपट्यांना टाके घालायची. पण कातरवेळ झाली तरी ती गेटाकडे बघत नव्हती, हे मी बघत होते. बसस्टँडवरून लातूरच्या गाडीची वेळ निघून जायची आणि माय माझ्यासमोर भाकरी थापत असायची. मला त्याचाही विश्वास बसायचा नाही. वाटायचं, आता उठेल. आता पदर सावरेल.

दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. दवाखान्यांच्या गल्लीत आमच्या दवाखान्याला लागून एक मोकळा प्लॉट होता. आप्पांनी गाडी तिथं कडुनिंबाखाली आणून लावली. वॉचमननं हटकलं, हे काय मेडिकल सुरू करून राहिले का म्हणून. पोट फाडून मुलगी झाली. दिवसभर माय माझ्या उशाशी असायची, संध्याकाळी खाली जायची. खाली जाणं आणि लांब जाणं ह्यात किती अंतर असतं, ते मला त्या खिडकीशी कळलं. पडद्याची घडी सारली की ते गोल छप्पर दिसायचं.

एका सकाळी मी उठून बघितलं तर दार बंद. माय तर उजाडायच्या आधी उठणारी. भूकंपानंतर पहाटेची झोप तिनं घेतलीच नव्हती, ती वेळ ती बसून काढायची. ऊन निंबाच्या बुंध्यापर्यंत आलं होतं. गल्लीत चहाच्या गाड्यांवर गर्दी झाली होती, हॉर्न वाजत होते. तरी दार बंद. टाके सांभाळत मी खिडकीच्या गजांना धरलं आणि खाली बसलेल्या आप्पांना ओरडून विचारलं, “आप्पा! माय कुठाय? काय झालं?”

स्टुलावर बसलेले आप्पा दचकून उठले. दोन्ही हात हलवत, ओठांवर बोट ठेवत, मला गप्प करायला लागले. मग मान तिरकी करून तळहातावर गाल ठेवला.

झोपली होती.

मी खिडकीशी उभी राहिले. एवढ्या गोंगाटात, दिवस वर आलेला असताना, माझी माय झोपली होती आणि तो म्हातारा माणूस येणाऱ्या जाणाऱ्या ऑटोंना हातानं हळू जा म्हणून खुणा करत होता. ऑटोवाले त्याच्याकडे संशयानं बघत होते.

घरी आलो त्या दिवशी दुपारी मी बाळाला घेऊन मायजवळ त्या गाडीत आडवी झाले. भिंती इतक्या जवळ की कोपर लागायचं. प्लायवूडला अजून वास होता. बाळ दोघींच्या मधे. तेवढ्यात दारात सावली पडली. आत्याबाई होत्या, हातात डिंकाच्या लाडवांची ताटली. त्यांनी छताकडे बघितलं, गादी दाबून बघितली.

“आत उकडत न्हाई का हो?”

“वरती झडप हाय,” माय म्हणाली. “वारं येतं.”

आत्याबाई जराशा घुटमळल्या. “मीबी बघू का पडून?”

“बघा की विहीणबाई. पण पाय बाहेर ऱ्हातील तुमचे.”

आत्याबाई आत आल्या तशी गाडी एका अंगाला कलली आणि करकरली. बाळ जागं झालं. मी हसायला लागले, टाके दुखायला लागले, म्हणून माय मला गप्प करायला लागली आणि तीच हसायला लागली. बाहेर आप्पांची पावलं धावत आली. आम्हाला आतून दिसत होतं, ते उन्हात उकिडवे बसून, डोळे बारीक करून, खालच्या चाकांकडे बघत होते.